आठवण आणि आठवणी : क्रियापद तोंडात कुठे तुटतं?

मागच्या व्याख्यानानंतर एक तरुण श्रोता थांबला होता. नोकरीसाठी स्पॅनिश शिकतोय. म्हणाला, "सर, शब्द पाठ होतात, क्रियापदं पाठ होत नाहीत. एकाच क्रियापदात जोर कधी इथे, कधी तिथे. जोर चुकला की अर्थच बदलतो. आपल्या मराठीत असं काही नाही ना?" मी त्याला म्हटलं, पुढच्या वेळी ये, त्यावरच बोलू. तर आजचा विषय त्याच्यामुळे आहे. मी तत्त्वज्ञानाचा माणूस, भाषाशास्त्राचा नव्हे. पण शब्द म्हणजे काय आणि त्याचे तुकडे खरे की कल्पित, हा आमच्याकडचा फार जुना प्रश्न आहे. त्या वाटेने मी इथे आलो.

आधी एक प्रयोग करा. घरी ऐकत असाल तर मोठ्याने करा. कोणी बघत नाही. 'आठवण' असं म्हणा. आता 'आठवणी' म्हणा. पुन्हा एकदा म्हणा. काय झालं? पहिला शब्द आपण आठ-वण असा दोन खंडांत बोललो. दुसऱ्यात नुसती शेवटी एक 'ई' आली, पण शब्द मधूनच वेगळा तुटला : आ-ठव-णी. पहिल्यात 'ठ' मधला अ गेला आणि 'व' मधला राहिला. दुसऱ्यात उलट, 'ठ' मधला अ परत आला आणि 'व' मधला गेला. लिहिताना एकही अक्षर बदललं नाही. तोंडात मात्र सगळी मांडणी बदलली, आणि हे करताना आपल्याला कोणालाही विचार करावा लागला नाही.

हे कसं होतं? मराठी शब्द शेवटाकडून मोजत यायचा. शेवटचा अ बोलायचा नाही, हा पहिला नियम. 'घर' आपण घर्‍ असंच म्हणतो, हलन्तासारखं. मग मागे मागे येत जायचं. एखाद्या अ-च्या आधी स्वर आणि एकच व्यंजन असेल, आणि पुढेही एकच व्यंजन आणि बोलला जाणारा स्वर असेल, तर तो मधला अ गळतो. पुढे दोन व्यंजनं जुळली असतील तर तो अ गळू शकत नाही, कारण मग तीन व्यंजनं एकत्र येतील आणि जीभ अडेल. 'आठवणी'त शेवटी णी. मागे 'व' चा अ, दोन्ही बाजूंना मोकळा, गळला. आता 'ठ' च्या पुढे 'व्ण' अशी जोडी झाली, म्हणून 'ठ' चा अ वाचला. 'आठवण' मध्ये शेवटचा 'ण' चा अ आधीच गेलेला, त्यामुळे 'व' चा अ राहायलाच हवा, आणि मग 'ठ' चा गेला. बस्स, एवढंच. अपवाद आहेत, त्यातला एक मोठा पुढे सांगतो.

आता क्रियापदाकडे येऊ, कारण खरी गंमत तिथे आहे. 'बसणे' घ्या. 'बसतो' हे लिहायला तीन अक्षरं, बोलायला दोन खंड : बस-तो. याचं प्रयोजक रूप 'बसवणे', म्हणजे दुसऱ्याला बसायला लावणे. याचा धातू 'बसव'. आता याची रूपं बोलून बघा. 'बसवतो' : ब-सव-तो. 'बसवला' : ब-सव-ला. पण 'बसवा' : बस-वा. 'बसवून' : बस-वून. 'बसवायला' : बस-वाय-ला, पाच अक्षरं आणि तीन खंड. धातू तोच, अर्थ तोच, पण प्रत्यय व्यंजनाने सुरू झाला तर धातू ब-सव होतो आणि स्वराने सुरू झाला तर बस-व असा चिरला जातो.

आता नीट पाहा. व्याकरण 'बसवा' चे तुकडे कसे करतं? 'बस' हा मूळ धातू, 'अव' हा प्रयोजकाचा, 'आ' हा आज्ञार्थाचा. म्हणजे अर्थाचा सांधा 'व' आणि 'आ' यांच्या मध्ये आहे. तोंडाचा सांधा 'स' आणि 'व' यांच्या मध्ये आहे. प्रयोजकाचा 'व' धातूला सोडून प्रत्ययाच्या 'आ'कडे गेला. अर्थ एका ठिकाणी तुटतो, आवाज दुसऱ्या ठिकाणी. एकाच शब्दाच्या या दोन फाळण्या एकमेकींशी जुळत नाहीत.

सुताराची 'करवत' आणि 'माझ्याने हे करवत नाही' मधलं 'करवत' यांची गोष्ट तर आणखी मजेची. दोन्ही कर-वत. कानाला फरक नाही. एकात दात असलेलं लोखंड, दुसऱ्यात माणसाची असमर्थता. माझ्या वयात दुसरं जास्त वापरावं लागतं. पाठीमुळे फार वेळ बसवत नाही, म्हणून मी मधून मधून उभा राहतो, त्याकडे दुर्लक्ष करा.

आता त्या तरुणाच्या स्पॅनिशकडे जाऊ. तिथे तीन शब्द आहेत, अक्षरं अगदी सारखी : तेर-मि-नो. जोर 'तेर' वर दिला की अर्थ 'शेवट' किंवा 'मुदत', नाम. जोर 'मि' वर दिला की 'मी संपवतो'. जोर 'नो' वर दिला की 'त्याने संपवलं'. म्हणजे पुरुष आणि काळ, दोन्ही गोष्टी नुसत्या जोरावर उभ्या आहेत. लिहिताना स्पॅनिश लोकांनी नियम केला : शब्द स्वराने किंवा न, स यांनी संपला तर जोर शेवटून दुसऱ्या खंडावर, इतर व्यंजनाने संपला तर शेवटच्या खंडावर. याला जो शब्द जुमानत नाही त्याच्या डोक्यावर एक तिरकी रेघ द्यायची. मला विचाराल तर ही फार सभ्य व्यवस्था आहे. वाचणाऱ्याला शब्द आधी माहीत नसला तरी तो बरोबर वाचतो.

मराठीत असा जोर नाही. म्हणजे बोलण्यात चढउतार आहेतच, जड खंडावर आवाज थोडा रेंगाळतो. पण 'बघतो' मध्ये तुम्ही 'बघ' वर जोर द्या की 'तो' वर, 'मी बघतो'चं 'त्याने बघितलं' होत नाही. ऐकणारा फार तर विचारेल, घसा बसला का? जोर द्यायचा तर आपण दुसरे मार्ग काढतो. 'च' लावतो : मीच बघतो. नाहीतर खंडच जड करतो : 'मोठा' चं 'मोठ्ठा', 'किती' चं 'कित्ती'. मो-ठा चा पहिला खंड मोकळा होता, त्याला व्यंजनाचं दार लावून मोठ-ठा केलं. जोर दाखवण्यासाठी खंड बंद करायचा, ही आपली पद्धत.

पण तो म्हणाला तसं 'मराठीत असं काही नाही', हे मात्र खरं नाही. स्पॅनिशमध्ये 'विचार करणे' या क्रियापदाचं 'मी विचार करतो' हे रूप 'प्येन्सो', आणि 'आम्ही विचार करतो' हे 'पेन्सामोस'. पहिल्यात जोर धातूवर आहे म्हणून धातूचा 'ए' फुगून 'ये' झाला. दुसऱ्यात जोर पुढे सरकला, धातू पुन्हा साधा झाला. शिकणाऱ्याला वाटतं, हे अनियमित आहे, पाठ करा. अनियमित नाही ते. धातूवर वजन आलं की स्वर बदलतो, वजन गेलं की मूळपदावर येतो.

आणि आपण रोज सकाळी घरात काय म्हणतो? मुलाला 'ऊठ'. वडिलांना 'उठा'. स्वतःबद्दल 'उठतो'. ऊठ दीर्घ, उठा ऱ्हस्व. 'शीक' आणि 'शिका', 'पूस' आणि 'पुसा'. कारण जोर नव्हे, जागा आहे. शब्दाच्या शेवटचा अ गळाला, तो खंड व्यंजनाने बंद झाला आणि तोच शेवटचा खंड उरला, की त्यातला इ-उ लांबतो. पुढे आणखी काही जोडलं की आखडतो. कारण निराळं आहे, पण वृत्ती तीच : प्रत्यय लागताच धातूचा स्वर आपली मापं बदलतो. त्या मुलाने रोज सकाळी 'ऊठ' ऐकलंय आणि मोठ्यांना 'उठा' म्हटलंय. 'प्येन्सो' त्याला परकं वाटायचं कारण नाही.

नामांचंही तेच. आपण 'नागपूर' लिहितो आणि 'नागपुरात' लिहितो. फूल-फुलाला, मीठ-मिठात, जमीन-जमिनीवर. शाळेत हे 'उपान्त्य इकार-उकाराचे नियम' म्हणून पाठ करवून घेतात. मराठी साहित्य महामंडळाचे लेखनविषयक नियम 1962 चे, पुढे 1972 मध्ये त्यांत चारांची भर पडून ते अठरा झाले. आपला विदर्भ साहित्य संघ, 1923 पासूनचा, या महामंडळाचा घटक. म्हणजे नियम आपल्यावर बाहेरून लादले असं नागपूरकरांना म्हणता येत नाही. आणि हा विशिष्ट नियम कागदावरचा नाहीच, तो जिभेचा आहे. 'नाग-पूर' मध्ये शेवटचा खंड बंद, म्हणून पू. 'नाग-पु-रात' मध्ये तो खंड उघडला आणि मध्ये गेला, म्हणून पु. मुलांना नियमाचा क्रमांक सांगण्याऐवजी शब्द मोठ्याने म्हणायला लावला तर निम्मं काम होईल, असं मला वाटतं.

निम्मंच का म्हणालो? कारण तत्सम शब्द. 'गुण', 'विष' हे संस्कृतातून जसेच्या तसे आले म्हणून त्यांचा उ-इ ऱ्हस्वच लिहायचा, असा नियम आहे. पण तोंडाला शब्दाची कुंडली माहीत नसते. ते 'फूल' जसं बोलतं तसंच 'गूण' बोलतं, 'वीष' बोलतं. आता एका वर्गातली दोन मुलं बघा. एकाने 'फुल' लिहिलं, कानाचं ऐकलं नाही म्हणून चूक. दुसऱ्याने 'गूण' लिहिलं, कानाचं ऐकलं म्हणून चूक. दोघांच्या वहीत लाल रेघ सारखीच. शिक्षकाने दुसऱ्याला निदान एवढं तरी सांगावं की बाळा, तू बरोबर ऐकलंस.

आता जो अपवाद पुढे ठेवला होता तो. 'नकळत' हा शब्द घ्या. मघाचा नियम लावा. शेवटचा अ गेला, 'ळ' चा राहिला, 'क' चा गळायला हवा : नक-ळत. असं कोणी म्हणतं? नाही. आपण न-कळत असंच म्हणतो. का? कारण 'न' वेगळा आणि 'कळत' वेगळं, हे जिभेला माहीत आहे. तसंच 'नागपूरकर'. 'उठतो' मध्ये 'उठ' हा खंड बंद असूनही ऱ्हस्व, कारण तो शेवटचा नाही. त्या हिशेबाने 'नागपूरकर' मधला पूर शेवटचा नाही, तो आखडायला हवा होता. पण आखडत नाही. 'कर' हे एका पूर्ण गावाला जोडलंय, ही जाणीव त्या 'पू'ला धरून ठेवते.

इथे मला माझ्या धंद्यातली गोष्ट सांगायला हवी. भर्तृहरी, पाचव्या शतकाच्या सुमाराचा, 'वाक्यपदीय' या ग्रंथाचा कर्ता. त्याचं म्हणणं थोडक्यात असं की वाक्य हे अखंड आहे. त्यातली पदं, पदांतले प्रकृती-प्रत्यय, हे सगळे तुकडे व्याकरणाने शिकवण्याच्या सोयीसाठी पाडलेले. ऐकणाऱ्याला अर्थ एकदम उजळतो. त्याच्या उलट मीमांसक. शबरस्वामी उपवर्षाचं मत देतात : 'गौः' मध्ये शब्द कोणता? तर ग, औ आणि विसर्ग. म्हणजे वर्ण हाच शब्द, त्यापलीकडे काही नाही.

मी अनेक वर्षं वर्गात भर्तृहरीची बाजू मांडली. 'बसवा' सारखी उदाहरणं त्याला फार अनुकूल आहेत. अर्थाचे तुकडे आणि आवाजाचे तुकडे जुळतच नाहीत. मग कोणते खरे? दोन्ही सोयीचे, असं म्हणून मोकळं होता येतं. पण 'नकळत' मला सोडत नाही. तुकडे जर केवळ वैयाकरणाची सोय असतील, तर ज्या बाईने आयुष्यात व्याकरणाचं पुस्तक उघडलं नाही तिची जीभ 'न' पाशी का थांबते? तिला तिथे सांधा जाणवतो म्हणून. भर्तृहरीचा कोणी अनुयायी म्हणेल, ही सवय आहे, 'कळत' वेगळं ऐकून ऐकून पडलेली. असेल. पण मग ती सवयच सांध्याचं अस्तित्व झाली. मला आता वाटतं, 'बसवा' मध्ये तो सांधा वापरून वापरून गुळगुळीत झालाय, 'नकळत' मध्ये अजून हाताला लागतो. सांधे खरे आहेत, फक्त सगळे सारखे खरे नाहीत. याहून पक्कं मत आज माझ्याकडे नाही.

एक गोष्ट राहिली, ती गाण्याची. गळालेला अ खरंच मेला का? नाही. भजनाला बसा. 'ग्रामगीता' ओवीबद्ध आहे, आपल्याकडे गावोगाव वाचतात. ओवी लावून म्हणताना 'बसतो' चं बस-तो राहत नाही, ताल भरायला ब-स-तो होतं. अभंगातली अक्षरं मोजताना आपण लिहिलेलं अक्षर मोजतो, बोललेला खंड नव्हे. सहा-सहा-सहा-चार हा हिशेब तसाच जुळतो. बोलताना निवृत्त झालेला अ खंजिरीच्या ठेक्यावर पुन्हा कामावर येतो. कथेत बोलताना आणि गाताना एकच माणूस एकच क्रियापद दोन प्रकारे तोडतो, आणि मागे बसलेल्या मंडळींना त्यात काही वावगं वाटत नाही.

आता ज्यासाठी मी खरं तर आज हे सगळं मांडलं. आपल्या नागपुरात काय म्हणतात? 'पाऊस येऊन रायला.' 'तो जेवून रायला.' लिहायचं तर 'येऊन राहिला'. हिंदीतलं 'आ रहा है' शेजारीच आहे, त्याची सावली यावर आहे हे उघड आहे. ग्रियर्सनच्या भाषासर्वेक्षणाच्या सातव्या खंडात, 1905 च्या, वऱ्हाड आणि नागपूरच्या बोलीची दखल आहे. म्हणजे ही काही काल-परवा बिघडलेली मराठी नव्हे. मी शाळेत असताना वर्गात उभा राहून 'मी लिहून रायलो' म्हणालो. बाहेरून आलेले एक गुरुजी होते. त्यांनी ते वाक्य माझ्याच आवाजात सगळ्या वर्गाला करून दाखवलं. वर्ग हसला. मी पुढे बरीच वर्षं वर्गात बोलण्याआधी वाक्य मनात एकदा तपासून घ्यायचो.

आता खंड मोजू. 'करून राहिला' : क-रून-रा-हि-ला, पाच. 'करून रायला' : क-रून-राय-ला, चार. मधला ह गळाला, दोन खंड एक झाले. आता पुण्या-मुंबईचं वाक्य घ्या. 'करतो आहे' : कर-तो-आ-हे, चार. त्याचं बोलण्यात काय होतं? 'करतोय' : कर-तोय, दोन. 'बसला आहे' चं 'बसलाय'. क्रिया चालू आहे हे सांगणारं सहायक क्रियापद रोज हजार वेळा लागतं, म्हणून झिजतं. पुढच्या-मागच्या शब्दाला चिकटतं. दोन्हीकडे तंतोतंत हेच घडलंय. उलट पुण्याच्या वाक्याने अर्धे खंड टाकले, आपल्याने एकच टाकला. पण 'करतोय' कथा-कादंबऱ्यांत छापतात, बातम्यांत ऐकू येतं, त्याला कोणी हसत नाही. 'रायला' मात्र नाटकातल्या विनोदी नोकराच्या तोंडी. आवाजाच्या हिशेबात या दोघांत उजवं-डावं ठरवणारं काहीही नाही. जे आहे ते बोलणारा कुठला, एवढंच आहे.

मी असं म्हणत नाही की पेपरात 'रायला' लिहा. प्रमाण भाषेची गरज आहे. तिच्याशिवाय मी सिंधुदुर्गातल्या माणसाशी पत्रव्यवहार कसा करणार? आपल्या 'जाजो', 'येजो' चा अर्थ तरी त्याला लागेल का? पण मुलाला 'असं लिहायचं नसतं' म्हणणं वेगळं आणि 'तू अशुद्ध बोलतोस' म्हणणं वेगळं.

वेळ झालाय. एक प्रश्न घेतो. हां, बोला.

[श्रोत्यांतून प्रश्न : फोनवरचा यांत्रिक आवाज मराठी मजकूर वाचतो तेव्हा शब्द विचित्र का तुटतात?]

चांगला प्रश्न आहे. कारण आपली लिपी गळालेला अ दाखवत नाही. यंत्राला 'आठवण' ची चार अक्षरं दिसतात. शेवटून मोजायचा नियम त्याला शिकवला तर बराचसा मजकूर सुधारेल. पण मग ते 'नकळत' चं नक-ळत करेल, कारण सांधा त्याला जाणवत नाही; सांगावा लागेल. माझे एक अंध स्नेही आहेत, ते पुस्तकं अशा आवाजातच ऐकतात. त्यांना मी विचारलं, त्रास होत नाही का? ते म्हणाले, पहिली दहा पानं होतो, मग त्याची बोली कळते. म्हटलं, वा, यंत्राच्या बोलीला तुम्ही दहा पानं देता! आमच्या गुरुजींनी मला एक वाक्यसुद्धा दिलं नव्हतं. चला, थांबतो. तो स्पॅनिशवाला आलाय का आज? मागे उभा दिसतोय. इकडे ये, तुझी वही आण, 'प्येन्सो' पासून सुरू करू.